सात थर्मामीटर आणि एक कुलूप

सर लॅबमध्ये आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि मग माझ्याकडे. तिघांपैकी कुणावरच त्यांचा विश्वास नव्हता.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा मध्यम आकाराचा कारखाना. तेलं फोडून त्यातली फॅटी अ‍ॅसिडं वेगळी करायची आणि ती साबणवाल्यांना, मेणबत्तीवाल्यांना, क्रीमवाल्यांना विकायची, हा धंदा. माल कितीला वितळतो, कितीला गोठतो, तापवला की किती पातळ होतो, हे मोजणं आमच्या लॅबचं काम. सर लॅबचे प्रमुख, मी नुकतीच बी.एस्सी. होऊन चिकटलेली केमिस्ट, आणि काचेची भांडी धुवायला एक मावशी. एवढाच आमचा संसार. मी वर्षभराच्या प्रोबेशनवर होते. तेव्हा आम्ही जवळच्याच दिवा गावात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, आणि पाणी तळमजल्याच्या वर चढायला तयार नसे. आईचे गुडघे गेलेले. माझी नोकरी कायम झाली की डोंबिवलीत नळाला पाणी येणारी खोली बघायची, असं आम्ही मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते वर्ष मी जीव मुठीत धरून काढत होते, आणि नेमका त्याच वर्षी हा माणूस माझ्या नशिबी आला.

लॅबमध्ये सात थर्मामीटर होते आणि सातांचीही सरांनी कुंडली मांडून ठेवली होती. प्रत्येकाला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बारीक अक्षरात त्याचा गुन्हा. एक पाव डिग्री जास्त सांगायचा. दुसरा साठच्या वर गेला की आळशी व्हायचा. दर सोमवारी सर घरून स्टीलच्या थर्मासमधून बर्फ आणायचे. कारखान्यातला बर्फ चालत नसे, त्या पाण्यात काय काय असेल कोण जाणे. घरचा बर्फ, तोही उकळून गार केलेल्या पाण्याचा. त्यात सातही जणांना उभं करायचं आणि बरोबर शून्य कोण दाखवतो ते बघायचं. कंपनीने एकदा महागातला डिजिटल थर्मामीटर आणला तेव्हा मला वाटलं, चला, सुटले मी यातून. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा पॉइंटच्या पुढे दोन-दोन आकडे बोलतो. जास्त बोलणाऱ्यांपासून मी लांबच राहतो." तो बिचारा शेवटपर्यंत खोक्यातच राहिला.

एखादं रीडिंग अगदी हवं तसं आलं की सरांचा चेहरा पडायचा. "आकडा गोड लागला की आधी थुंकून टाकायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा रजिस्टरात 'अपेक्षेप्रमाणे' असा शब्द लिहिला. शिवी लिहिल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले.

"अपेक्षा कुणाची? तुझी की मालाची? मालाला विचारलंस?"

घनतेपुढे तापमान लिहायला विसरले तर रजिस्टर माझ्यापुढे सरकवायचे. "हा पत्ता आहे, पण गाव लिहिलेलं नाही. पोस्टमनने काय करायचं?" साठ डिग्रीला मोजलेलं स्टिअरिक अ‍ॅसिड आणि सत्तरला मोजलेलं स्टिअरिक अ‍ॅसिड ही त्यांच्या लेखी दोन वेगळी माणसं होती. एकाची ओळख दुसऱ्याच्या नावावर खपवलीस तर मी तुला चोर म्हणेन, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं.

आणि चोर धरायची त्यांची पद्धतही ठरलेली. एकच सॅम्पल दोन बाटल्यांत भरायचं, दोन वेगळे नंबर घालायचे, आणि चार दिवसांच्या अंतराने मला मोजायला द्यायचं. मला पत्ता नाही. मी एकाचं चोपन्न पॉइंट दोन लिहिलं, दुसऱ्याचं चोपन्न पॉइंट पाच. मग त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून ते माझ्यासमोर उघड केलं. मी रडायच्या बेताला आले. वाटलं, गेली नोकरी.

"घाबरतेस काय? दोन्ही आकडे अगदी सारखे आले असते तर तू न मोजता लिहितेस हे मला कळलं असतं," सर म्हणाले. ही शाबासकी होती, हे मला दिव्याला घरी पोचल्यावर कळलं.

एकदा जानेवारीत त्यांच्या घरी जायचा योग आला. सरांना ताप होता आणि काही कागदांवर सही हवी होती. डोंबिवली पूर्वेला जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर. खिडकीच्या कट्ट्यावर खोबरेल तेलाच्या तीन बाटल्या ओळीने मांडलेल्या, तिन्हींवर चिठ्ठ्या, शेजारी वही. तापातही सरांनी मला आधी खिडकीशी नेलं. दोन बाटल्या पांढऱ्याशुभ्र गोठलेल्या आणि तिसरी अजून पातळच.

"पेपरवाले म्हणतात थंडी पडली. पेपरवाले काहीही म्हणतील. तेल काय म्हणतं ते बघ. आणि ही तिसरी बाटली बघ. एवढ्या गारठ्यात हिला गोठायला काय झालं? भेसळ आहे. वाण्याला सांगितलं तर तो मलाच हसला."

काकू चहा घेऊन आल्या. "झालं का तेल दाखवून? आमच्याकडे पाहुण्यांना देव दाखवत नाहीत, तेल दाखवतात." मग माझ्याशेजारी बसून आवाज न उतरवता म्हणाल्या, "मला बघायला आलेले ना, तेव्हा आईने पानात तूप वाढलं. हे बोटावर तूप घेऊन बसले. जेवेनात. वितळतंय का बघत होते. मला वाटलं, मुलगा मंद आहे जरासा. पण म्हटलं, मंद तर मंद, निर्व्यसनी दिसतोय."

"तूप चांगलं होतं," सर गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर हो म्हटलं."

हे सगळं आता सांगताना मला हसू येतं. तेव्हा येत नसे. संशयी माणसाबरोबर दिवसाचे नऊ तास काढले की आपणही तसेच होत जातो. मी दिव्याच्या बाजारात कांद्याच्या तराजूखाली बोट घालून बघायला लागले होते. आणि सरांकडे तर मी फारच वाकड्या नजरेने बघत होते. ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. त्यांच्या टेबलामागे पश्चिमेच्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली जानव्याला बांधलेली. मावशीला तिथे झाडूसुद्धा मारू देत नसत. कारखान्यात लोक काहीबाही बोलायचे. कुणी म्हणे, सर दुसऱ्या कंपनीला आमचे रिपोर्ट पुरवतात. कुणी म्हणे, कपाटात त्यांनी वीस वर्षांची खोटी रीडिंग दडवून ठेवलीत. मी हसून सोडून द्यायचे आणि मनात जपून ठेवायचे.

मग एप्रिल-मे महिन्यात ते प्रकरण झालं.

ठाण्याच्या एका क्रीमवाल्यासाठी आम्ही फॅटी अ‍ॅसिडचं एक मऊ मिश्रण बनवायचो. ते शेहेचाळीस डिग्रीला वितळायला हवं, इकडेतिकडे अर्धी डिग्री चालेल. त्याची परीक्षा अशी: माल केसासारख्या बारीक काचेच्या नळीत भरायचा, नळ्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून माल नीट गोठू द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात धरून पाणी सावकाश तापवायचं. नळीतला माल सुटून वर सरकला की त्या क्षणाचं तापमान लिहायचं. नीट गोठायला थंडीही लागते आणि वेळही. अर्धवट गोठलेला माल लवकर सुटतो आणि आकडा खोटा येतो. हे मी झोपेतही केलं असतं.

तर त्या मिश्रणाची रीडिंग्ज अचानक कमी यायला लागली. चव्वेचाळीस. मग प्लान्टवाले त्यात आणखी घट्ट माल घालायचे, मी पुन्हा मोजायचे, शेहेचाळीस यायचं, माल ठाण्याला जायचा. आणि ठाण्याहून परत यायचा. ते म्हणत, तुमच्या रिपोर्टवर शेहेचाळीस आहे, आमच्याकडे अठ्ठेचाळीस येतंय, आमचं क्रीम रवाळ होतंय. असं तीनदा झालं. तिन्ही रिपोर्टवर मोजणारी म्हणून सही माझी.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"बघ, मी डायरेक्ट बोलतो. तीन लॉट रिजेक्ट झालेत आणि सही तुझी आहे. पुढच्या आठवड्यात तुझं प्रोबेशन संपतंय. अशा वेळी मी वर काय सांगू, कन्फर्म करा?"

"सर, मी नीट मोजलंय. खरंच."

"असेल ना. मग गडबड कोणाची? लॅबमध्ये तुम्ही दोघंच. त्यांनाही रिटायर झाल्यावर एक वर्ष एक्स्टेंशन हवंय, त्यांचा अर्ज माझ्याकडे पडलाय. तुझी चूक नसेल तर कोणाची ते मला प्रूफसकट आणून दे. आठ दिवस आहेत."

मी बाहेर आले तेव्हा मला आई दिसत होती, हंडा कठड्यावर टेकवून दुसऱ्या मजल्यावर दम खाणारी. आणि त्याच क्षणी मी मनात ठरवून टाकलं की हे सरांनीच केलंय. का, कसं, काही माहीत नाही. पण ते कपाट!

मी पाळत ठेवायला लागले. एका संध्याकाळी नळ्यांचा स्टँड फ्रिजमध्ये ठेवला, सगळ्यांदेखत पर्स उचलून निघाले, आणि गेटपर्यंत जाऊन डबा विसरल्याच्या निमित्ताने परत आले. दाराच्या काचेतून बघितलं. सर फ्रिजसमोर वाकलेले. त्यांनी ठाण्यावाल्यांच्या नळ्या तेवढ्या वेचून काढल्या, रुमालात गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप ओढून दोनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातलाच पोचले. आदल्या दिवशी प्रत्येक नळीवर मी नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला होता. नळ्या फ्रिजमध्ये आपल्या जागी होत्या. ठिपके होते, म्हणजे नळ्या त्याच होत्या. पण बोटांना त्या गार लागत नव्हत्या.

तेव्हाच मॅनेजरकडे धावत जायला हवं होतं. प्रूफ होतं. पण सरांच्या हाताखाली अकरा महिने काढल्यावर एवढ्या सहज हाती लागलेल्या गोष्टीवर माझाही विश्वास बसेना. आकडा फार गोड लागत होता. सर प्लान्टमध्ये चक्कर मारायला गेले होते, ते परत येईपर्यंत मी थांबले.

"सर, तुम्ही रोज संध्याकाळी नळ्या कपाटात का ठेवता?"

त्यांनी डोळे बारीक केले. "तू माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन."

"कमी आहेत," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि किंचित लाजल्यासारखे बोलायला लागले. एप्रिलमध्ये एक दिवस त्यांना फ्रिजमध्ये कैरीच्या पन्ह्याची बाटली दिसली होती. लॅबच्या फ्रिजमध्ये! म्हणजे कुणीतरी परकं फ्रिज उघडत होतं. आज पन्हं ठेवलं, उद्या नळ्या बदलतील. ठाण्याचं गिऱ्हाईक मोठं, तेच तोडायचा कुणाचा तरी डाव असणार. म्हणून त्यांनी तेवढ्या नळ्या कुलपात ठेवायला सुरुवात केली, आणि चोर सावध होऊ नये म्हणून रोज सकाळी मी यायच्या आत सर त्या पुन्हा फ्रिजमध्ये ठेवत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"चोर तू असतीस तर?"

मी कपाटाजवळ गेले आणि त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. पश्चिमेची भिंत, मे महिना, आणि भिंतीपलीकडून बॉयलरची वाफेची नळी गेलेली. सकाळचे आठ वाजलेले आणि पत्रा कोमट. मी सरांना कुलूप उघडायला लावलं, एक थर्मामीटर आत ठेवला आणि थोड्या वेळाने बघितला. अडतीस.

सात थर्मामीटरांची दर सोमवारी झडती घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या कपाटात एकही ठेवला नव्हता. या जगात त्यांचा एकाच वस्तूवर विश्वास होता, ती म्हणजे ते कुलूप.

सर थर्मामीटरकडे बघत राहिले. "हा पाव डिग्री जास्त सांगतो," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाले, "याने काही सिद्ध होत नाही. मोजून बघू."

मग जे झालं तशी परीक्षा मी पुढे कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये बघितली नाही. एकाच सॅम्पलच्या बारा नळ्या. सहा फ्रिजमध्ये, सहा कपाटात. सकाळी कोणती कुठली हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, असं सरांचं म्हणणं, कारण मी माझी सुटका करायला हवे तसे आकडे लिहीन. नळ्यांवर नंबर सरांनी घातले तर ते मनात ठेवून मला चकवतील, असं माझं म्हणणं. शेवटी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या मिसळायचं काम मावशीवर आलं. आम्हा दोघांनाही जिचा संशय नव्हता अशी ती एकटीच.

मावशी नळ्या घेऊन पाठमोरी उभी राहिली. "काय दिवस आलेत. एवढी शिकलेली माणसं आणि एकमेकांवर भरोसा नाही. कशापायी चाललंय हे सगळं?"

मी पन्ह्याची हकीकत सांगितली. मावशी गर्रकन वळली.

"अगं, ते पन्हं माझं! तुझ्यासाठीच आणलेलं, तू त्या दिवशी आलीच नाहीस. सर, विचारायचं होतंत की. एका शब्दात सांगितलं असतं."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

मी मोजलं. सहा नळ्या शेहेचाळीसच्या आसपास सुटल्या, सहा चव्वेचाळीसच्या. मावशीने कुठली कुठली ते सांगितलं. चव्वेचाळीसवाल्या सगळ्या कपाटातल्या. "पुन्हा कर," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोजलं, मला बाजूला बसवून. तेच. माल आमचा पहिल्यापासून बरोबर होता. कपाटात नीट न गोठल्यामुळे तो मऊ भासत होता, आणि आम्ही चांगल्या मालात घट्ट माल कालवून तो बिघडवत होतो. परक्या माणसाने डाव साधला असता तरी याहून जास्त नुकसान झालं नसतं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. मी कायम झाले. जूनमध्ये आम्ही डोंबिवलीला राहायला आलो, आईने पहिल्या दिवशी नळ सोडून ठेवला आणि बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही. सरांचं एक्स्टेंशन नामंजूर झालं. ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी शालीची वीण तपासली. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून टोचतं.

पण मला सांगायची आहे ती तिसऱ्या दिवसाची सकाळ. मोजून झाल्यावर सरांनी रजिस्टर ओढलं आणि लाल शाईने लिहिलं: 'नळ्या कपाटात ठेवल्यामुळे तिन्ही लॉटची रीडिंग चुकली. ठेवणारा मी. केमिस्टला याची कल्पना नव्हती.' खाली सही. मग ते हात धुवायला गेले. मला काय वाटलं असेल? कृतज्ञता? छे. मला वाटलं, हा माणूस आता मॅनेजरकडे जाईल आणि जाता जाता हे पान फाडेल. त्यांचंही वर्ष पणाला लागलं होतं. मी घाईघाईने मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला आणि ते रजिस्टर घेऊन निघाले तशी त्यांच्या मागोमाग जाऊन केबिनबाहेर उभी राहिले. ते खोटं बोलले की दार ढकलून आत शिरायचं, असं मी ठरवलं होतं. पण आतलं काही ऐकूच येत नव्हतं.

वीसेक मिनिटांनी सर बाहेर आले. माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून म्हणाले, "पानाचा फोटो काढलायस ना?"

माझे कान गरम झाले. "हो, सर."

"दाखव."

मी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरला.

"यात तारीख कापली गेलीये. सहीसुद्धा अर्धीच आलीये. उद्या असला फोटो कुणी मानणार नाही."

"असू दे सर. तुम्ही आत सगळं सांगितलंत ना."

"मी आत काय सांगितलं, ते तू ऐकलंस?"

"नाही."

"मग?"

त्यांनी रजिस्टर उघडून भिंतीला टेकवलं, ते पान दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि सावली पडू नये म्हणून स्वतः बाजूला सरकले. "हं, काढ."

मला माझी भयंकर लाज वाटत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, स्क्रीनवर नुसतं लाल लाल दिसत होतं. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फोटो हलला.

"हात थरथरतोय तुझा," सर म्हणाले. "सावकाश काढ. मी धरून उभा आहे."